मास्तरीण नावाची ज्वारी

माझा पीएच.डी.चा प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला आहे, वर सोनेरी अक्षरं. पानं तीनशे बारा. त्यातली तीनशे अकरा आजतागायत कुणी वाचलेली नाहीत, आणि जे एक पान लोकांनी वाचलं ते नेमकं खोटं होतं.

त्या एका पानापायी गेल्या वर्षी माझ्या नातीच्या चार वर्षांच्या कष्टांवर पाणी पडायची पाळी आली, म्हणून हे लिहायला बसले. पश्चात्ताप म्हणून नाही. पश्चात्ताप ही वेळेवर करायची गोष्ट आहे, आणि वेळेवर मी आयुष्यात फक्त मस्टरवर सही केली.

ते पान एकशे सदुसष्ट. त्यावर लिहिलंय: ‘मास्तरीण (स्त्री.) : ज्वारीची एक स्थानिक जात. कणीस ताठ, दांडा सरळ. मुखेड परिसर.’ इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण मी मराठीची प्राध्यापक. थांबणं आम्हाला शिकवलेलंच नसतं. खाली भाष्य ठोकून दिलं: ‘शिक्षित स्त्रीविषयी लोकमानसात वसत असलेला आदरभाव या नामाभिधानातून प्रकट होतो.’ हे वाक्य लिहिणारी बाई आज कुठं भेटली तर मी तिच्या थोबाडीत देईन. अडचण एवढीच, की थोबाड माझंच आहे आणि आत दात बसवलेले आहेत.

ती बाई कोण होती ते आधी सांगते, म्हणजे पुढच्याचं नवल वाटणार नाही.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची आडत होती. वडील पोत्यात हात घालून मूठभर ज्वारी काढत, माझ्या तळहातावर ठेवत आणि विचारत, ‘कुठल्या शिवारातली?’ मी दहा वर्षांची असताना बरोबर सांगत असे. त्याचा मला असा काही ताठा चढला, की ज्वारीतलं सगळं आपल्याला कळतं असं मी धरूनच चालले. पोत्यापासून पुढं भाकरीपर्यंत ज्वारी मला पाठ होती. पोत्याच्या मागं काय असतं, हे विचारायची आमच्या घरात रीत नव्हती. वावरात ताटावर उभी असलेली ज्वारी मी एस.टी.च्या खिडकीतून पाहिली होती, तीही ऊन लागू नये म्हणून पडदा ओढून घेण्याआधी.

घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि भांडण सुरू झालं की अख्खं कानडी. पण एम.ए. झाल्यावर मी पुण्याची मराठी बोलायला लागले. ‘आणि’ मधला ‘ण’ असा काही घोळवायचे की आमची अव्वा, म्हणजे आई, म्हणायची, ‘बघा गं, हिच्या तोंडात सुपारी अडकली काय.’ लग्न होऊन लातूरला आले, कॉलेजात लागले, चाळिशी जवळ आली, आणि प्राचार्यांनी सांगितलं की पीएच.डी. नसेल तर बढतीचं विसरा.

माझ्या मार्गदर्शकांकडं गेले तेव्हा ते पान खात होते. म्हणाले, ‘लेखक सगळे गेले, बाई.’ म्हणजे मेले असं नव्हे. प्रत्येक लेखक कुणी ना कुणी प्रबंधासाठी धरून बसलं होतं. गावात जमिनीचे तुकडे पडतात तसे मराठीच्या विभागात लेखकांचे पडत असत: एकाकडं कादंबऱ्या, एकाकडं कविता, तिसऱ्याच्या वाट्याला नुसती पत्रं. थोड्या वेळानं पिंक टाकून म्हणाले, ‘बोली घ्या. बोलीला वारस नसतो.’

अशी मी शेतकामातल्या शब्दांची अभ्यासक झाले.

मुखेडच्या पुढं एका गावात, माघाच्या उन्हात, ज्वारीची काढणी चालली होती. मी खळ घातलेली सुती साडी नेसले होते, डोळ्यांना काळा चष्मा, डोक्यावर छत्री आणि हातात वही. बायका वाकून ज्वारी उपटत होत्या. त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन मी विचारलं, ‘मावशी, आपण ज्वारीच्या विविध प्रकारांना कोणकोणत्या नावांनी संबोधता?’

म्हातारीनं कंबर सरळ केली आणि शेजारणीला विचारलं, ‘काय म्हनायलीय गं ही?’

‘ज्वारीची नावं इचारायलीय.’

‘मंग तसं म्हन की माय! संबोधता कशाला करायलीस?’

बायका हसल्या. मी वहीत लिहिलं, ‘वातावरण खेळीमेळीचे.’

म्हातारीनं नावं सांगितली. ही दगडी. ती पल्याड हुरड्याची, गुळभेंडी. मी लिहीत गेले. मग माझं लक्ष गेलं, की वावरातली सगळी कणसं मान खाली घालून आहेत आणि मधेच एक कणीस छडीसारखं उभं आहे. मला शोध लागल्याचा आनंद झाला. म्हटलं, ‘आणि ती? ती सरळ उभी आहे ती?’

म्हातारीनं त्या कणसाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, छत्रीपासून सँडलपर्यंत, सावकाश. ‘ती व्हय?’ म्हणाली. ‘ती मास्तरीण.’

बायका अशा हसल्या की दोघी तिघी बांधावर बसल्या. मी विचारलं, ‘हे नाव का बरं पडलं?’

‘ताठ ऱ्हाती की! कुनाकडं खाली बघत न्हाई.’

‘आणि दाणा कसा असतो?’

‘दान्याचं नका इचारू बाईसाब.’

पुन्हा हशा. एका सुनेनं पदर तोंडात कोंबला. मी वहीत लिहिलं, ‘दाण्याविषयी माहिती देण्यास अनुत्सुक.’ हे वाक्यसुद्धा त्याच पानावर आहे. परीक्षकांनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढून ‘क्षेत्रकार्य प्रामाणिक’ असा शेरा मारला.

पदवी मिळाली. नावाच्या आधी ‘डॉ.’ लागलं. दाराबाहेरची पाटी बदलली आणि दोन महिने मी घरी आल्यावर बेल वाजवण्याआधी ती वाचायचे. वर्षभरानं मुखेडला कॉलेजच्या एका कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावणं आलं. बाजाराचा दिवस होता. बाजारातून पायी चालले होते, तर पोतं अंथरून हरभऱ्याची भाजी विकत बसलेली एक बाई ओरडली, ‘अगं बया, मास्तरीण आली! काय बाईसाब, भरला का दाना?’

तीच म्हातारी. मी शिष्टासारखं विचारलं, ‘म्हणजे काय, मावशी?’

तिनं मला समजावून सांगितलं. माझ्या मार्गदर्शकांनी चार वर्षांत काही समजावलं नव्हतं, हिनं एका दमात समजावलं. ‘अवो, भरल्यालं कणीस जडानं खाली वाकतंय. ज्यात काय न्हाई ते वर बघत ऱ्हातंय. पोचट. त्याला कुठलं आलंय नाव? त्या दिशी तुमच्याकडं बघून बोलले मी. तुमी लिवून घेतलं व्हय?’

मी म्हटलं, ‘नाही, नाही.’

‘लिवलं असंल तर खोडून टाका माय,’ म्हणाली, आणि हरभऱ्याची एक जुडी हातात दिली.

त्या क्षणी खोडता आलं असतं. विद्यापीठाला एक पत्र, प्रबंधात एक शुद्धिपत्राची चिठ्ठी, काम दोन दिवसांचं. मी काय केलं? जुडी पिशवीत टाकली, कॉलेजात गेले आणि ‘लोकभाषेची श्रीमंती’ या विषयावर पाऊण तास बोलले. उदाहरण म्हणून मास्तरीण सांगितली. टाळ्या पडल्या. बढतीच्या मुलाखतीत सांगितली, आकाशवाणीवर सांगितली. चाळिशीतल्या त्या डॉक्टरीणबाईला मूर्ख म्हणून सोडून देणं सोपं आहे. मूर्ख ती बांधावर होती. बाजारातून पुढं गेली ती लबाड होती.

नंतर मी निवृत्त झाले, शब्द मात्र सेवेत राहिला.

मागच्या हिवाळ्यात लातूरला, माझ्याच जुन्या कॉलेजात, दोन दिवसांची मोठी परिषद झाली. विषय: विज्ञान आणि मानव्यविद्यांमधल्या संशोधनाचं वैविध्य. मला मंचावर बसवलं, कारण माझ्या पिढीतली आणखी कुणी बसवण्याच्या स्थितीत उरली नव्हती. शाल दिली, रोपटं दिलं, आणि जिना चढताना दोन्ही बाजूंनी असं धरलं की पोलीससुद्धा इतकं घट्ट धरत नाहीत.

वैविध्य पाहून मी धन्य झाले. पदार्थविज्ञानवाले काचेच्या तुकड्यावर पातळ थर चढवतात. मी नोकरीला लागले तेव्हाही चढवतच होते, अजून थर पुरेसा जाड झालेला नाही. रसायनवाले एका रेणूला शेपूट लावून पदवी घेतात, त्यांचा विद्यार्थी शेपूट डावीकडून उजवीकडं लावून घेतो. प्राणिशास्त्रवाले तलावातल्या माशांच्या जाती मोजतात. दुष्काळाच्या वर्षी तलावच नव्हता, तरी एकाचं काम थांबलं नाही; त्यानं आधीच्या प्रबंधातले मासे आपल्या प्रबंधात सोडले. औषधी वनस्पतींवाले फक्त तालुका बदलतात. वाणिज्यवाले प्रश्नावली वाटतात आणि स्वतःच भरतात, अक्षर बदलून. आमच्या मराठीवाल्यांबद्दल मी बोलणार नाही. ‘एक चिकित्सक अभ्यास’ एवढंच म्हणते, समजणाऱ्यांना समजेल. उद्घाटकांनी सांगितलं, ज्ञानाच्या अनेक नद्या आहेत. असतील. मला तर सगळीकडं एकच हंडा हातोहात फिरताना दिसला, आणि तो कुणी भरलेला नव्हता.

पण शेरे मारायला मी कोण? दुसऱ्या सत्रात इतिहासाचे एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, निजामाच्या राजवटीतही मुखेडकडच्या खेड्यांत स्त्रीशिक्षण रुजलं होतं, कारण तिथं ज्वारीच्या एका जातीला मास्तरीण म्हणत. मी शाल सावरली. समाजशास्त्राच्या एक बाई म्हणाल्या, पुरुषी शेतीव्यवस्थेत ताठ कण्याची स्त्रीप्रतिमा बायकांनी पिकात जपली. त्यांनी ‘ताठ’वर इतका जोर दिला की माझी पाठ दुखायला लागली. संगणकशास्त्राच्या एका मुलीनं सांगितलं की बोलीतल्या शब्दांचा मोठा साठा केलाय, आता मोबाइललाही ‘मास्तरीण’ म्हटलं की ज्वारी कळते. म्हणजे मी मेले तरी ही पोचट बया मरणार नव्हती.

आणि चौथी उठली ती माझी नात.

ती नांदेडला एका संशोधन केंद्रात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. विषय, या भागातल्या ज्वारीच्या जुन्या गावरान जाती. पोरगी कामाची आहे, हे मी आजी म्हणून सांगत नाही. आजी म्हणून मी तिच्या स्वयंपाकाबद्दल पुष्कळ बोलू शकते. गावोगाव मोटारसायकलवर हिंडून तिनं बियाणं गोळा केलंय. तिच्या प्रबंधातलं सगळ्यांत मोठं प्रकरण होतं ‘मास्तरीण : लोप पावलेल्या जातीचा शोध’. जूनमध्ये प्रबंध द्यायची मुदत संपत होती, आणि उदगीरच्या एका कॉलेजातली जागा पदवी हातात असेल तरच तिला मिळणार होती. सभेत तिनं ताठ कणसांचे फोटो दाखवले. आमच्यातल्यांनी, म्हणजे मानव्यविद्यावाल्यांनी, निदान डोळे मिटून विश्वास ठेवला होता. विज्ञानवाल्यांनी उन्हातान्हात पुरावा शोधला, आणि त्यांना सापडला!

संध्याकाळी ती घरी आली. मी चहा टाकला. ती बूट न काढताच पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, ‘आज्जी, एकच अडलंय बघ. ताठ कणसात दाणे नावाला सापडतात, चार नाहीतर पाच. तेवढेच घेऊन पेरते मी. आणि उगवून आलं की वाकतं!’

‘वाकतं?’

‘चांगलं भरतं आणि वाकतं. तीन हंगाम झाले. मला वाटलं शेजारच्या वावरातले पराग येऊन भेसळ करायलेत. म्हणून एकेका कणसाला कागदी पिशवी घातली. तरी वाकतं. सर म्हणायलेत, पिशव्या बदलून बघ.’

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि पुसत बसले, जितका वेळ पुसता येईल तितका.

‘तू तर डोळ्यांनी बघितलीस ना? ताठच होती ना?’

‘होती.’

‘आणि दाणा कसा होता?’

‘नव्हता.’

‘नव्हता म्हणजे?’

मग सांगितलं. बांध, बाजार, हरभऱ्याची जुडी, सगळं. ऐकून झाल्यावर ती उठून बसली आणि विचारलं, ‘तुला कधीपासून माहितीय?’

‘तू जन्मायच्या आधीपासून.’

‘म्हणजे मी कणसांना पिशव्या घालत हिंडायले, आणि तू फोनवर छान चाललंय, छान चाललंय म्हणायलीस?’

‘मला वाटलं, सापडेल एखादी.’

हे मात्र खरं होतं. एवढी वर्षं तीच थाप ऐकून मलाच वाटायला लागलं होतं, की म्हातारी बाजारात चुकली असेल, बांधावरच खरं बोलली असेल. पदवीधर माणसाला स्वतःवर विश्वास ठेवायला फार पुरावा लागत नाही.

‘गावातल्या लोकांनी दाखवली मला,’ ती हळूच म्हणाली. ‘मी विचारायची, मास्तरीण आहे का? ते म्हणायचे, हाव, असंल की. बघ तिकडं.’

‘पाहुण्याला न्हाई कसं म्हणतील? तू एवढ्या लांबून गेलेली.’

‘तू गप बस!’ ती ओरडली. माझ्यावर आमच्या घरात कुणी ओरडत नाही.

तिनं आपल्या मार्गदर्शकांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला. सर आदरानं बोलले. ‘मॅडम, नमस्कार! मॅडम, तुमचं नाव मोठं. कशाला उकरायचं? पाच जणांनी संदर्भ दिलाय. पाच जण चुकतील का?’

‘सर, पाचही जणांनी माझ्याकडूनच उचललंय.’

‘तेच म्हणतो ना, मूळ पक्कं आहे!’

नातीनं फोन ठेवला. तिच्यापुढं दोन वाटा होत्या. गप्प बसून जूनमध्ये प्रबंध द्यायचा, पदवी घ्यायची आणि उदगीरला जायचं. कुणीही विचारलं नसतं. आमच्या धंद्यात विचारत नाहीत. किंवा ते प्रकरण फेकून द्यायचं. माझ्यासारखी असती तर पहिल्या वाटेनं गेली असती आणि चाळिशीत दाराबाहेर पाटी वाचत उभी राहिली असती. मी तिला तसं सुचवलंसुद्धा. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, ‘बाई, आधी पदवी घे. मग सावकाश दुरुस्त कर.’

‘तू केलंस?’ तिनं विचारलं.

पंधरा दिवसांनी नांदेडला तिचं समितीपुढचं सादरीकरण होतं. ‘तू येणार आहेस,’ ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मी लातूरहून सकाळच्या एस.टी.नं गेले. अहमदपूरपर्यंत समितीपुढं काय बोलायचं ते घोकत होते, पुढं झोप लागली. भीतीसुद्धा या वयात पुरती टिकत नाही.

समितीत तिघे होते. त्यातले अध्यक्ष सतत घड्याळ बघायचे, दुसरे सतत अध्यक्षांकडं बघायचे, तिसरे बिस्किटांकडं. नातीनं आपल्या बाकीच्या जाती मांडल्या आणि मग सरळ म्हणाली, ‘मास्तरीण नावाची जात अस्तित्वात नाही. मूळ नोंद चुकीची आहे. ते कणीस न भरलेलं होतं.’

अध्यक्षांनी घड्याळ सोडलं. ‘एका मान्यताप्राप्त प्रबंधाला तुम्ही खोटं ठरवता आहात. आधार काय?’

‘तीन हंगामांची निरीक्षणं आहेत, सर. आणि ज्यांनी नोंद केली त्या इथंच बसल्यात.’

मी उभी राहिले. म्हटलं, ‘ती मी.’

अध्यक्षांनी उठून नमस्कार केला. ‘मॅडम, आपल्याबद्दल अत्यंत आदर आहे. पण आपण हे कुठं प्रसिद्ध केलंय का?’

‘काय?’

‘आपण चुकलात, हे.’

‘नाही.’

‘मग संदर्भ कसा द्यायचा? आपण चूक केली याला छापील पुरावा नाही. आपण बरोबर आहात याला मात्र पाच ठिकाणी आहे.’

इतक्या वर्षांची माझी पुण्याची मराठी तिथल्या तिथं गळून पडली. मी म्हणाले, ‘अवो सर, मी जित्ती हाय की तुमच्या म्होरं! माझ्या तोंडानं सांगायलेय, मी खोटं लिवलं म्हनून!’

बिस्किटवाले पहिल्यांदा वर बघून हसले. दुसरे अध्यक्षांकडं बघत राहिले. मग तिघांनी डोकी जवळ आणली आणि निकाल दिला: जिवंत व्यक्तीचा संदर्भ मुलाखत म्हणून घेता येईल, पण रीतसर, ठरलेल्या नमुन्यात, परिशिष्ट जोडून. ते प्रकरण पुन्हा लिहायचं. त्यासाठी सहा महिने वाढीव. बाहेर आल्यावर नातीचे सर मला म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या नावाचं काय होणार?’ मी म्हटलं, ‘ज्वारीवरून काढून टाका.’ त्यांना कळलं नाही. त्यांना कळेल असं मी काही बोललेही नव्हते.

जून गेला. उदगीरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याचा प्रबंध कशावर आहे हे मी मुद्दाम विचारलं नाही, हसू आलं असतं. नात दीड महिना माझ्याशी फक्त औषधांपुरतं बोलली. ‘गोळी घेतली का? घे.’ एवढंच. नवीन प्रकरण ती लिहीत होती, नसलेली जात माणसं कशी दाखवतात आणि संशोधकाला ती कशी दिसते, यावर. सर म्हणाले, हे वनस्पतिशास्त्रात बसत नाही. ती म्हणाली, बसवते.

मग एका रविवारी दुपारी ती लातूरला आली. माझ्यासमोर मोबाइल उभा केला, मांडीवर छापील नमुना घेतला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं विचारायला लागली. माहिती देणाऱ्याचं नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. मी सांगत गेले. शिक्षणाच्या रकान्यात ‘पीएच.डी.’ लिहिताना तिनं पेन जरा थांबवलं, पण लिहिलं.

‘आता पहिल्यापासून सांगा. तारीख, गाव, पीक कुठल्या अवस्थेत होतं.’

मी सांगितलं.

‘ज्या बाईंनी तो शब्द वापरला त्यांचं नाव?’

मी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला.

‘आज्जी. त्या म्हातारीचं नाव काय होतं?’

मला ज्वारीची नावं हवी होती. माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात तिची नोंद आहे, मी स्वतः केलेली: ‘एक वृद्ध शेतमजूर स्त्री.’ बाजारात दुसऱ्यांदा भेटली, भाजी दिली, मला माझी लायकी सांगितली, तेव्हाही विचारलं नाही. तिनं मला नाव ठेवलं होतं. तिला एक नाव असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

‘ठाऊक नाही,’ मी म्हटलं.

नातीनं माझ्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं लिहिलं, ‘नोंदवलेले नाही.’ वाक्य पूर्ण करून टिंब दिलं. पुढचा रकाना होता ‘माहितीची विश्वासार्हता’, त्यात तीन चौकोन: उच्च, मध्यम, कमी. तिनं ‘मध्यम’वर खूण केली. मी चष्मा लावून वाकून बघितलं आणि भांडायला उठले.

‘अगं, सगळं खरं सांगितलं ना मी? मग मध्यम का?’

‘उशिरा सांगितलंस,’ ती म्हणाली. ‘बस खाली. अजून दोन पानं राहिलीत.’